जुन्या खेळण्यातील आगगाड्या व त्यांचे खरे मोल

आमच्या मिरजगावास आगगाडी नाही. गाव नगर–सोलापूर हमरस्त्यावर वसले असल्यामुळे मोटारींचा आवाज येथे अहोरात्र कानी पडतो; परंतु इंजिनाची शिट्टी ऐकावयाची तर दौंड–मनमाड मार्गावरील एखादे स्टेशन गाठावे लागते, किंवा सप्टेंबर २०२२ मध्ये जेथवर रेल्वे येऊन पोहोचली त्या शेजारच्या आष्टीस जावे लागते. असे असूनही आगगाडीचे आकर्षण आमच्या विद्यार्थ्यांत कमी नाही. किंबहुना ती नित्य दिसत नाही म्हणूनच ते अधिक असावे. हल्ली घरोघरी मोबाइल आल्यापासून जुन्या खेळण्यातील आगगाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती मुलांच्या दृष्टीस वारंवार पडतात. त्यांत एखाद्या इंजिनाचे सुरेख चित्र, शेजारी 'अत्यंत दुर्मीळ' हे शब्द, व खाली काही हजारांचा आकडा असतो. मुले ते चित्र वडिलांस दाखवितात, आणि वडिलांच्या मनात दोहोंपैकी एक विचार येतो: हे सारे थोतांड आहे, किंवा आपल्या माळ्यावरील जुन्या पेटीतही असेच धन दडलेले असेल. हे दोन्ही विचार घाईचे आहेत. पहिल्यामुळे चांगली वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत जाते, व दुसऱ्यामुळे कष्टाचा पैसा परक्याच्या हाती पडतो. म्हणून अशा वस्तूचे मोल कसे ठरते, हे थोडे विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यांस हा छंद प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांनी पुण्यास गेल्यावर कोथरूडकडील श्री. बी. एस. जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे. ते सन १९९८ पासून लोकांस खुले झाले. तेथे एका चिमुकल्या शहराच्या देखाव्यातून सिग्नलांच्या आज्ञेप्रमाणे निरनिराळ्या गाड्या धावतात. ते पाहिल्यावर एवढे तरी ध्यानात येते की, हे केवळ लहान मुलांचे खेळणे नव्हे. खऱ्या गाडीचे प्रत्येक माप ठराविक प्रमाणात कमी करून ही प्रतिकृती घडविलेली असते, आणि ते प्रमाण समजल्यावाचून मोलाचा विचारच करता येत नाही.

तेव्हा थोडे गणित करू. जगात सर्वांत अधिक प्रचारात असलेले प्रमाण १ : ८७ हे होय, त्यास 'एचओ' असे म्हणतात. युरोपातील बहुतेक खऱ्या रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्यास ८७ ने भागिले म्हणजे सुमारे १६.५ मिलिमीटर येतात, आणि एचओ गाडीचे रूळ तेवढेच रुंद असतात. आता आपल्या दौंड–मनमाड मार्गाचे, म्हणजे हिंदुस्थानच्या ब्रॉडगेजचे, १६७६ मिलिमीटर घ्या. त्यांस ८७ ने भागिले तर १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक येतात. म्हणजे आपल्याकडील गाडीची प्रतिकृती बाजारी एचओ रुळांवर चालवावयाची तर तिचे पाय थोडे जवळ घ्यावे लागतात! उलट, सन १८९७ मध्ये कॅलथ्रॉप साहेबांनी चालू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होती. तिचे उत्तर ८.७६ येते, व ९ मिलिमीटरांचे तयार रूळ तिला जवळजवळ बेमालूम लागू पडतात. ती अरुंद लाइन आता राहिली नाही, तिच्या जागी ब्रॉडगेज झाला. परंतु ज्यास ती पुन्हा टेबलावर चालविण्याची हौस असेल त्याचे काम ह्या आकड्याने पुष्कळ सोपे केले आहे.

हे गणित पोकळ नव्हे. जाहिरातीत इंजिन एका मापाचे, डबे दुसऱ्याचे व रूळ तिसऱ्याचे, असा मिसळा अनेकदा असतो. छायाचित्रात ते सारे एकत्र शोभून दिसते, पण घरी आणल्यावर एकही गाडी चालत नाही. म्हणून रुळांच्या आतील कडांमधील अंतर पट्टीने मोजून कळवावे, अशी मागणी विकणाऱ्याकडे प्रथम करावी. उत्तर ३२ मिलिमीटर आले तर ती मोठी, जुन्या घाटाची 'ओ' गाडी, १६.५ आले तर एचओ अथवा तिची इंग्रजी बहीण 'ओओ'. ९ आले तर बहुधा 'एन'. एवढ्याने अर्धे अज्ञान दूर होते.

दुसरी गोष्ट कारखान्याची. जर्मनीतील मार्क्लिन ह्या कारखान्याने सन १८९१ मध्ये ठराविक मापांचे रूळ व गाड्या विक्रीस आणल्या. अमेरिकेत लायोनेल हा कारखाना सन १९०० मध्ये निघाला. इंग्लंडात, ज्यांनी मेकॅनोचा शोध लाविला ते फ्रँक हॉर्नबी यांनी सन १९२० पासून लिव्हरपूल येथे चावीच्या आगगाड्या काढिल्या, व सन १९३८ मध्ये त्यांच्या कारखान्याने 'हॉर्नबी डब्लो' ह्या नावाने लहान मापाची गाडी आणिली. कारखान्याचे नाव बहुधा इंजिनाच्या पोटाशी किंवा डब्याच्या तळाशी छापलेले अथवा कोरलेले सापडते. ते नाव, वस्तूचा क्रमांक, व शक्य तर खोक्यावरील मजकूर, ह्या तिहींची स्पष्ट छायाचित्रे मिळाल्याखेरीज पुढे बोलूच नये.

येथे एका सार्वत्रिक भ्रमाचा परिहार करणे अवश्य आहे. वस्तू जुनी म्हणून मौल्यवान, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. जी गाडी लाखांनी निघाली व घरोघर गेली, ती साठ वर्षांची झाली तरी सामान्यच राहते. शिवाय ह्या वस्तूंवर ज्यांचे खरे प्रेम होते, ती बालपणी त्यांच्याशी खेळलेली पिढी आता मागे पडत चालली आहे, आणि तिचे संग्रह एकामागून एक बाजारात येत आहेत. घेणारे कमी व माल अधिक झाला म्हणजे भाव उतरावयाचेच. थोड्या काळापुरते निघालेले, थोडे खपलेले, आणि तरीही आजवर निर्दोष राहिलेले असे जे नमुने, त्यांचे मोल मात्र टिकून आहे.

आता स्थितीचा विचार. आणि हाच सर्वांत महत्त्वाचा भाग होय. जुन्या इंजिनाचे अंग बहुधा पत्र्याचे किंवा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असते. पत्र्यास गंज चढतो, तो डोळ्यांस दिसतो. ओतीव धातूचा रोग मात्र कपटी आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ ओतकामात जस्ताबरोबर शिशाचा अंश मिसळून गेला. त्यायोगे धातू वर्षानुवर्षे आतून फुगते, तिला केसासारख्या भेगा पडतात, आणि अखेरीस ती शिळ्या भाकरीप्रमाणे बोटांत चुरते. ह्यावर औषध नाही. वरचा रंग चकचकीत असतो, छायाचित्रात इंजिन राजबिंडे दिसते, आणि खोके उघडावे तो आत चाकांचे तुकडे! म्हणून युद्धपूर्व काळाचे इंजिन असेल तर चाके, खालचा सांगाडा व पुढील टोक यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागवावी. अंग वाकलेले अथवा टोके फुगलेली दिसली तर तो सौदा सोडून द्यावा.

उलट काही दोष दिसतात मोठे, पण असतात क्षुल्लक. इंजिन चालत नाही एवढ्यावरून ते निकामी ठरवू नये. आपल्या उन्हाळ्यात यंत्रातील वंगण वाळून डिंकासारखे होते. ते पुसून तेलाचा एक थेंब दिला की यंत्र पुन्हा फिरू लागल्याचे अनेकदा दिसते. जुन्या विजेच्या इंजिनातील चुंबकाचा जोर कमी झालेला असतो. जाणता कारागीर त्यास पुन्हा चुंबकत्व देऊ शकतो. शिकल्यासवरल्या मुलांनी अशी वस्तू स्वस्तात घेऊन दुरुस्त करावी, ह्यात विज्ञानाच्या तासाइतकेच शिक्षण आहे.

मात्र एक गोष्ट हौसेनेही करू नये: जुन्या गाडीस नवा रंग देऊ नये. नवऱ्या मुलीप्रमाणे नटविलेले इंजिन नवख्यास भुलविते, पण जाणता संग्राहक मूळचा फिकट, थोडा खरचटलेला रंग अधिक पसंत करितो. रंग दिला की मोल उतरते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे ही खेळणी तान्ह्या मुलांच्या तोंडी जाऊ न देणे हेही पालकांनी पाहावे. मूळ खोक्याचे महत्त्वही लोकांस ठाऊक नसते. पुठ्ठ्याचे ते जीर्ण खोके आमच्या घरांतून दिवाळीच्या झाडलोटीत प्रथम बाहेर जाते. परंतु संग्राहक त्याबद्दल वेगळे दाम मोजतो, कारण खेळणी पुष्कळ उरली, खोकी थोडी.

विजेविषयी एक सूचना पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. अमेरिकेतून आलेल्या संचाचा ट्रान्सफॉर्मर तेथील सुमारे १२० व्होल्टच्या विजेसाठी केलेला असतो. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट असतात. तो तसाच भिंतीत लावला तर जळून जाईल, व प्रसंगी घरासही धोका होईल. कोणताही जुना ट्रान्सफॉर्मर, मग तो कोणत्याही देशाचा असो, तारांवरील वेष्टण तडकलेले असण्याचा संभव असल्यामुळे वायरमनने तपासल्यावाचून लावू नये. शिवाय सगळ्यांची वीज एकजात नसते. दोन रुळांच्या गाड्या बहुधा १२ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात, तर मार्क्लिनच्या जुन्या गाड्यांस उलटसुलट वाहणारी वीज लागते. एकीचे इंजिन दुसरीच्या रुळांवर ठेवून उपयोग नाही.

ह्यानंतर किंमत. जाहिरातीत लिहिलेला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा होय, किंमत नव्हे. आठवडी बाजारात बैलाच्या मालकाने पहिला आकडा सांगितला म्हणून कोणी तेवढे रुपये मोजून देत नाही. येथेही तोच न्याय. ज्या ऑनलाइन बाजारात विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी पाहावयास मिळते, तेथे त्याच कारखान्याची, त्याच क्रमांकाची व त्याच स्थितीची वस्तू प्रत्यक्ष किती रुपयांस गेली हे पाहावे. एकच विक्री पाहून निर्णय करू नये. लिलावात दोन हट्टी माणसे समोरासमोर आली म्हणजे भाव आभाळास भिडतो. चार-पाच विक्रींवरून खरा अंदाज येतो.

समजा, एका संग्रहाची मागणी ४०,००० रुपये आहे. त्यात तीन इंजिने, पंधरा डबे, रूळ व ट्रान्सफॉर्मर आहेत. पूर्वीच्या विक्री पाहता खोक्यासहित चालणाऱ्या पहिल्या इंजिनास ९,००० व खोक्यावाचूनच्या दुसऱ्यास ५,००० रुपये येतात असे धरू. तिसरे भेगाळलेले असल्यामुळे सुट्या भागांपुरते १,०००. तीन उत्तम डबे प्रत्येकी १,२०० प्रमाणे ३,६००. उरलेले बारा सामान्य डबे प्रत्येकी ४०० प्रमाणे ४,८००. रूळ व ट्रान्सफॉर्मर मिळून १,६००. बेरीज २५,००० झाली. ह्यातून वाहतुकीचे १,५०० व दुरुस्तीचे २,५०० वजा केले म्हणजे घेणाऱ्याने २१,००० रुपयांच्या वर जाऊ नये. पाहा, तीन इंजिनांपैकी दोनच, पण निम्म्याहून अधिक मोल त्यांतच आहे. संग्रहात 'शंभर नग' आहेत ह्या शब्दांस म्हणून भुलू नये; नव्वद नग रुळांचे तुकडेच असावयाचे.

माल परदेशातून येणार असेल तर आयात शुल्कही धरावे. खेळण्यांवरील हे शुल्क सरकारने सन २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर व सन २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले होते. खरेदीच्या दिवशीचा दर चौकशी करूनच बोली द्यावी.

विकणाऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिच्यात अधिक दुःख असते. घरातील छंदी माणूस वारला, मुले नोकरीनिमित्त दूर गेली, आणि मागे राहिलेल्या माउलीस त्या पेट्यांत काय आहे हे माहीत नाही, असे वारंवार घडते. अशा वेळी सर्व माल एकदम उचलावयास येणारा व्यापारी बेरजेच्या निम्मे देऊ करील, व ते सर्वथा अन्यायाचे म्हणता येणार नाही. कारण एकेक वस्तू स्वच्छ करणे, छायाचित्रे काढणे, गिऱ्हाईक मिळेपर्यंत सांभाळणे हे श्रम त्याचे असतात. परंतु वजनावर पत्रा मागणारास मात्र दारातूनच परत पाठवावे. छंद असलेल्या माणसाने आपल्या हयातीतच एका वहीत प्रत्येक वस्तूचे नाव, क्रमांक, खरेदीची तारीख व दिलेले दाम लिहून ठेविले, तर त्याच्या पश्चात घरच्यांचा केवढा तरी त्रास वाचतो. आणि विकताना दोष सांगूनच विकावे. भेग बोटाने झाकून काढलेले छायाचित्र हे खोट्या मापाइतकेच पाप आहे.

चोरांविषयी चार शब्द. जुन्या वस्तूंच्या नावाने फसविण्याचा धंदा नाण्यांच्या बाबतीत इतका वाढला की, ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेस जाहीर सूचना काढावी लागली: जुनी नाणी व नोटा यांच्या व्यवहारासाठी बँकेचे नाव सांगून कोणी शुल्क वा दलाली मागितली तर ती देऊ नये. जुन्या खेळण्यांच्या व्यवहारातही तोच डाव टाकता येतो. तुमचे इंजिन आम्ही मोठ्या किंमतीस घेतो, आधी नोंदणीचे एवढे पैसे पाठवा, असे कोणी म्हणाला की तो गिऱ्हाईक नव्हे हे समजावे. पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी मोबाइलवरील गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही. तो पैसे जाण्यासाठीच लागतो. आजी-आजोबांस ही एक गोष्ट मुलांनी समजावून द्यावी. फसगत झालीच तर विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी पैसे थांबविण्याची आशा कमी.

सौदा ठरल्यावर माल नीट बांधून पाठविण्यास विक्रेत्यास आवर्जून सांगावे. प्रत्येक इंजिन मऊ कागदात गुंडाळून स्वतंत्र खोक्यात, डबे वेगळे, रूळ वेगळे. ट्रान्सफॉर्मर हा सर्वांत जड असल्यामुळे त्याची पेटी निराळीच करावी. तो सुटा राहिला तर कुरिअरच्या गाडीच्या हादऱ्यांनी शेजारच्या पत्र्याच्या डब्यांचा चेंदामेंदा करितो.