न हटणारी सर्दी : सिस्टिक फायब्रोसिस आणि सायनस

लहान मुलांना सर्दी-पडसे होणे ही काही काळजीची बाब नव्हे. आठ-दहा दिवसांत ते बरे होते. परंतु नाक वर्षभर चोंदलेले, हिरवट घट्ट शेंबूड, मूल तोंडाने श्वास घेते आणि तपासणीत नाकात मांस (पॉलिप) वाढलेले दिसते, असे असेल तर ती साधी सर्दी समजू नये. बारा वर्षांच्या आतील मुलाच्या नाकात पॉलिप आढळले, तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची शंका घेतलीच पाहिजे. हा आजार फक्त गोऱ्या लोकांना होतो, असा समज बरीच वर्षे होता. तो चुकीचा आहे. आपल्याकडेही हे रुग्ण आहेत, पण अनेकांचे निदान उशिरा होते.

आजार कशामुळे होतो?

या आजारात पेशींतून क्षारांची ने-आण करणारे एक प्रथिन नीट काम करीत नाही. त्याचे जनुक १९८९ साली सापडले. दोष आई व वडील या दोघांकडून आला तरच आजार होतो; म्हणून रक्ताच्या नात्यातील लग्नांत धोका वाढतो. प्रथिन बिघडल्याने शरीरातील पातळ स्राव डिंकासारखे चिकट होतात. फुप्फुसात कफ साचतो, स्वादुपिंडाचे पाचक रस अडतात आणि घाम फार खारट होतो. मुलाची पापी घेताना खारट लागणे, वारंवार खोकला, तेलकट व दुर्गंधीयुक्त शौच, वजन न वाढणे ही लक्षणे सोबत असल्यास घामातील क्लोराइडची तपासणी करून घ्यावी. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही.

सायनसकडे दुर्लक्ष नको

नाकाभोवतीच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. या रुग्णांत तेथील चिकट स्राव बाहेर पडत नाही व त्यात जंतू घर करतात. बहुतेक रुग्णांच्या सायनसमध्ये दोष असतो, पण डोकेदुखीची तक्रार सर्वच करीत नाहीत. सायनसमधील जंतू खाली फुप्फुसात उतरू शकतात. म्हणून नाकाची काळजी ही फुप्फुसाचीही काळजी ठरते.

रोज काय करावे?

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा मुख्य उपाय. आपली जलनेती याच जातीची. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे व त्यात एक सपाट चहाचा चमचा साधे मीठ विरघळवावे. नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नये. त्यातील जंतू मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकते. द्रावण रोज ताजे करावे. भांडे किंवा बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, कारण ओलसर भांड्यात नेमके याच रुग्णांना त्रास देणारे जंतू वाढतात. पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत नाक धुवावे. लहान मुलांना किती व कसे द्यावे, हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा दिला असल्यास तो नाक धुतल्यानंतर मारावा. नाकात मारल्या जाणाऱ्या या औषधाचे प्रमाण अल्प असते, त्यामुळे नाव ऐकून ते बंद करू नये. याउलट नाक झटपट मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत; नंतर नाक अधिकच चोंदते. अँटिबायोटिक मनाने घेऊ नये. शेंबडाची तपासणी करून जंतू पाहूनच ते ठरवावे.

एवढ्याने भागले नाही तर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करतात. त्याने आराम पडतो, पण मांस पुन्हा वाढू शकते. म्हणून नाक धुणे पुढेही चालूच ठेवावे लागते. मूळ दोषावर काम करणाऱ्या तीन औषधांच्या गोळीला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तिने सायनसचा त्रासही बराच कमी होतो. मात्र ती फार महाग आहे आणि सर्वच रुग्णांना लागू पडत नाही.

डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक, तीव्र डोकेदुखीसह ताप व उलट्या ही लक्षणे दिसताच वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

आजार मुळापासून जात नाही, हे खरे. पण वेळेवर निदान आणि दोन वेळा नेमाने नाक धुण्याची सवय यांमुळे मुलाची झोप, भूक व अभ्यास सुधारू शकतो आणि फुप्फुसांचे रक्षण होण्यास मदत होते.