दोन थरांतला कारभार

१९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद ॲसिटोनने काढून पाण्यावर पसरला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पेशीभोवती मेदाचा दुहेरी थर. निष्कर्ष बरोबर, हिशेब मात्र चुकलेला. ॲसिटोनने सगळा मेद सुटला नव्हता आणि सुकलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं!

जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीच्या या पटलात शेकडो तऱ्हांचे लिपिड रेणू असतात. १९७२च्या सिंगर-निकोल्सन प्रतिमानात प्रथिनं मेदाच्या सागरात तरंगत होती. सागर कशाचा, याची फारशी चौकशी नव्हती. खरं तर सगळं तिथेच आहे. थंडीत खोबरेल थिजतं, शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं. पटलातही सरळ शेपटीचे रेणू दाटीने बसतात, वाकड्या शेपटीचे सैल. कोलेस्टेरॉल या दोन्ही टोकांना आवर घालतं. फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड तर पेशी ऊर्जा खर्चून आतल्या थरातच राखते. ते बाहेर दिसलं की भक्षक पेशी समजतात, ही मरणपंथाला लागली.

१९९७ साली सायमन्स आणि इकोनेन यांनी ‘लिपिड राफ्ट’ची कल्पना मांडली: कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड यांचे तराफे, त्यांवर निवडक प्रथिनं. मग राफ्टचं पेवच फुटलं. पुरावा बहुधा एकच: थंडगार ट्रायटन डिटर्जंटमध्ये जे विरघळलं नाही ते राफ्ट. पण थंडी आणि डिटर्जंट स्वतःच रेणूंची नवी मांडणी करतात. आक्षेप रास्त होता, आणि तो गांभीर्याने घ्यायला उशीर झाला असं मला वाटतं.

बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सत्यजित मेयर यांच्या गटाने जिवंत पेशीच पाहिल्या. शेजारच्या दोन चकाकत्या रेणूंमध्ये ऊर्जा उडी मारते का, हे मोजलं. बाहेरच्या थरात मेदाच्या नांगराने टेकलेली प्रथिनं तीन-चारच्या घोळक्यांत सापडली. हे घोळके आपसूक जमत नाहीत. पटलाखालचा ॲक्टिनचा सांगाडा आतल्या थरातलं लांब शेपटीचं फॉस्फॅटिडिलसेरीन धरतो, आणि त्याची शेपटी पलीकडच्या थरातल्या शेपट्यांशी गुंतते, असं २०१५ साली या गटाने दाखवलं.

पटलातल्या लिपिडांच्या अभ्यासाची व्यवहारातली बाजू महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिली. काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी वणवण फिरत होते. बुरशीच्या पटलात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असतं. औषध त्यालाच धरतं. ते पटलाला भोकं पाडून मारतं, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. २०१४च्या संशोधनानुसार ते स्पंजासारखं एर्गोस्टेरॉल शोषून घेतं. आपलं कोलेस्टेरॉलही त्याला थोडंफार चिकटतं, म्हणून मूत्रपिंडाला धोका. तो कमी करायला औषध लिपिडच्या सूक्ष्म गोळ्यांत भरतात, आणि त्या गोळ्यांच्या घटकांत कोलेस्टेरॉलही असतं.