पाणी कोणत्या समुद्राला जाते? : मुलांच्या हाती पृथ्वीचे शास्त्र

खानापूर तालुक्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घराला पावसाविषयी नवे काही सांगावे, असे फारसे उरलेले नाही. तरी घरातल्या सातवीतल्या मुलाला एक प्रश्न विचारून पाहा. आपल्या कौलांवरून पागोळ्यांनी गळणारे पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते? बहुतेक मुले पश्चिमेकडे बोट दाखवतील. गोवा जवळ, सरळ रेषेत मोजले तर खानापूरपासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही नाही. पण खानापूर शहरात पडलेले पाणी मलप्रभेला जाते. मलप्रभा पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळच्या धरणात थांबते, पट्टदकलच्या देवळांवरून पुढे जाते, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि कृष्णेबरोबर आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. जवळचा समुद्र सोडून ती साऱ्या दख्खनची वाट चालते.

हे असे का होते, याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. ते कणकुंबीला डोळ्यांनी दिसते. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम मानतात. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र उलट दिशेने उतरतो, म्हादईला मिळतो आणि मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात जातो. एकाच सरीचे दोन थेंब एका उंचवट्याच्या दोन बाजूंना पडले, की त्यांचे समुद्र वेगळे होतात. भूगोलात या उंचवट्याला जलविभाजक म्हणतात. भारतातल्या कितीतरी शाळा हा शब्द केवळ पाठ करतात. आपल्या तालुक्यातल्या मुलांना तो पायाखाली घेता येतो.

वाचकहो, आजच्या या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. सहावी ते आठवीच्या वयातल्या मुलांनी पृथ्वीचे शास्त्र स्वतःच्या गावच्या माती, दगड आणि पाण्यावर, स्वतःच्या हाताने मोजून शिकावे. आणि त्यात शाळेइतकाच वाटा आपल्या घरांनी उचलावा.

अशा शिक्षणाचा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. मुले लहान गटांत बसत, स्वतः प्रयोग करत, निष्कर्ष वहीत लिहीत. परीक्षेला ती वही आणि पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. हा कार्यक्रम हजारांहून अधिक शाळांपर्यंत पोचला आणि २००२ साली शासनाने तो बंद करेपर्यंत तीस वर्षे चालला. आपल्या मराठी मुलखात पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे काम करत करत शिकणे हीच पद्धत होती. जमिनीतून वीज किती सहज वाहते हे मोजून खाली पाणी असण्याचा अंदाज बांधणे, हेही तिथल्या मुलांचे एक काम होते. शिकणे झाले आणि शेतकऱ्याचे कामही झाले.

कायद्याच्या बाजूनेही उणीव नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. विषय शाळेत आला, पुस्तक आले, गुणही आले. मात्र गावचा ओढा वर्गात आला नाही. तो आणायचा तर फार पैसा लागत नाही. चार साध्या कामांनी सुरुवात करता येते.

पहिले काम पाऊस मोजण्याचे. सरळ अंगाची एक प्लास्टिकची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा आत बसवावा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून त्यात थोडे खडे आणि पाणी घालून, पाणी सरळ अंगापर्यंत आले की तिथे शून्याची खूण करावी. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. ही बाटली झाड आणि वळचण यांपासून दूर, उघड्यावर घट्ट बसवावी आणि रोज सकाळी साडेआठ वाजता वाचावी, कारण हवामान खात्याचे दिवसाचे माप त्याच वेळी घेतात. मग गणित सांगावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचे कौलारू छप्पर सुमारे ९३ चौरस मीटर भरते. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका छपरावर नऊ हजार लिटरांहून अधिक पाणी पडले. हा आकडा मुलाने स्वतः काढला, की एप्रिलमध्ये घागर घेऊन उभ्या असलेल्या आईकडे तो वेगळ्या नजरेने पाहतो.

या वहीत तारखेशेजारी नक्षत्राचा एक रकाना अवश्य ठेवावा. तो भरायला आजोबा-आजीच लागतील. मिरग कधी निघाला, तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस म्हणजे कोणते, हे त्यांना तोंडपाठ असते. पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा का म्हणत असतील, असा प्रश्न मुलाने विचारावा आणि दोन-तीन वर्षांच्या मापांवरून कोणत्या नक्षत्रात किती पडला ते स्वतः ताडून पाहावे. जुने म्हणणे खरे ठरले तर आनंद आहे. नाही ठरले तरी आजोबांचा त्यात अपमान नाही. त्यांनी आयुष्यभर आकाश पाहिले, नातू त्याला आकड्यांची जोड देतो आहे. आणि तालुक्याच्या पश्चिमेला आजोळ असेल, तर तिथेही एक बाटली ठेवावी. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आणि पूर्वेकडच्या गावांचा पाऊस यांत केवढी तफावत आहे, हे दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर कुणी समजावून द्यावे लागत नाही. वारा समुद्रावरून बाष्प आणतो, घाट चढताना हवा थंड होते आणि पाणी तिथेच सांडते. उरलेले पुढच्या गावांच्या वाट्याला येते.

दुसरे काम दगड ओळखण्याचे. आपला तालुका दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण काठावर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर लाव्हा वाहिला, त्याचा काळा दगड तालुक्याच्या उत्तर-पश्चिमेला दिसतो. दक्षिणेला लोंढा आणि कॅसलरॉकच्या बाजूला गेले, की त्याहून कितीतरी जुने, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले धारवाडी खडक लागतात. रेल्वेच्या एका छोट्या प्रवासात एवढा काळ ओलांडला जातो. आणि या दोन्हींच्या माथ्यावर जागोजागी जांभा आहे. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस यांनी खडक कुजतो, त्यातले विरघळणारे घटक वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. म्हणून तो तांबडा. खाणीत तो हत्याराने कापता येतो आणि उघड्या हवेवर राहिला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने १८०० साली मलबारात हा दगड पाहिला आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आपली बरीच मुले आज इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. त्यांच्या पुस्तकात लॅटेराइट येतो, त्याचे गुणधर्म ती लिहितात, गुणही मिळवतात. पण आजीच्या परसातल्या गडग्याचा चिरा म्हणजेच तो, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. जांभा हा शब्द घरात राहतो, लॅटेराइट वहीत राहतो आणि दोघांची भेट होत नाही. ही भेट शाळेपेक्षा घर सहज घडवू शकते. कोणत्याही भाषेत शिकले तरी ज्ञानाला गावाचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता आपल्याजवळच्या शब्दांत लिहिलेला आहे.

तिसरे काम मातीचे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी भरावे, झाकण लावून जोराने हलवावे आणि बरणी फळीवर ठेवून द्यावी. वाळू एका मिनिटाच्या आसपास तळाला बसते. त्यावर गाळाचा थर काही तासांत जमतो. चिकणमातीचे कण दोन हजारांश मिलिमीटरहूनही लहान, ते दिवसदिवस पाण्यात तरंगत राहतात. थरांची जाडी पट्टीने मोजली, की त्या मातीत कशाचा वाटा किती हे कळते. खानापूरची कौले, विटा आणि मडकी प्रसिद्ध झाली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था इथे उभी राहिली, त्याच्या मुळाशी ही माती आहे. भाताच्या शेतातली, नदीकाठची आणि माळावरची अशा तीन बरण्या शेजारी ठेवाव्यात आणि कुंभाराला कोणती माती लागते ते मुलांनी कुंभारालाच जाऊन विचारावे. बरणीतले उत्तर आणि त्याच्या बोटांचे उत्तर जुळते का, ते पाहावे.

चौथे काम वाहत्या पाण्याचे. दोन बाटल्या आडव्या कापून त्यांत माती भरावी. एकीत गवत उगवू द्यावे, दुसरी उघडी ठेवावी. दोन्ही सारख्या तिरप्या ठेवून झारीने सारखेच पाणी शिंपडावे. उघड्या मातीखालच्या भांड्यात गढूळ पाणी भराभर जमते. गवताखालच्या भांड्यात ते उशिरा, कमी आणि बरेच नितळ येते. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्याने महापूर पाहिला आणि २०२३ मध्ये कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. पूर आणि टंचाई या दोन्हींचा धागा या दोन भांड्यांत आहे. डोंगराने पाणी किती धरून ठेवले आणि किती एकदम सोडले, हाच तो प्रश्न. याच्या जोडीला एखाद्या विहिरीच्या कठड्यावर खूण करून, दोरीला वजन बांधून, दर रविवारी पाणी किती खोल आहे ते लिहावे. हे काम मोठे माणूस सोबत असल्याशिवाय करू नये. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नये, हेही सांगायला हवे.

काही गोष्टी जवळ न जाता शिकायच्या असतात. भीमगड अभयारण्यात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या वटवाघळाची ओळख जगाला १९१३ साली झाली आणि त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे ही जात जगात दुसरीकडे कुठेच ठाऊक नव्हती. अशा जागी सहल नेणे म्हणजे त्या जिवांची झोप मोडणे. आपल्या तालुक्यात असे काही आहे आणि आपण तिथे जात नाही, हाही पर्यावरणाचा एक धडाच आहे.

आता या सगळ्याचा खटाटोप कशासाठी? आपल्या डोंगरातल्या पाण्यावर तीन राज्यांचा वाद आहे. महादयी जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. त्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आले आणि त्यातले ३.९ टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे आहे. हे आकडे आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. पण टीएमसी म्हणजे किती, हे किती घरांत सांगता येईल? एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एक चौरस किलोमीटरवर एक मीटर पाऊस पडला तर दहा लाख घनमीटर पाणी होते. ज्या डोंगरात वर्षाला चार मीटर पाऊस पडतो असे धरू, तिथे साधारण सात चौरस किलोमीटरवर एक टीएमसी पाणी पडते. त्यातले मुरते किती, वाफ होऊन जाते किती आणि नाल्याला येते किती, हा पुढचा प्रश्न. बाटलीने पाऊस मोजलेले आणि दोन भांड्यांतले पाणी पाहिलेले आठवीतले मूल हा हिशेब समजू शकते.

ते मूल मोठे झाल्यावर कोणत्या बाजूला उभे राहील, हे आज ठरवायचे कारण नाही. पण उद्या कणकुंबीच्या पाण्याविषयी कुणी त्याच्यासमोर हात उंचावून बोलू लागला, तर ते विचारू शकेल, की हे पाणी मोजले कुणी, कोणत्या महिन्यात, आणि उतारावरचे जंगल किती राहिले आहे? हे प्रश्न विचारता येणारी मुले नसतील, तर आपल्याच अंगणातल्या पाण्याचा निर्णय दुसरीकडे होईल आणि आपल्या हाती घोषणा तेवढ्या उरतील.

म्हणून शाळांनी वर्षातून चार तास बाहेर काढावेत, शिक्षकांनी अभ्यासक्रमाच्या ओझ्यातूनही तेवढी जागा करावी. घरांनी त्याहून सोपे करावे. येत्या मिरगाच्या आधी अंगणात एक बाटली उभी करावी, एक शंभर पानी वही आणावी आणि पहिल्या पानावर गावाचे नाव, त्याखाली आपल्या ओढ्याचे नाव आणि तो ज्या समुद्राला जातो त्याचे नाव मुलाच्या हाताने लिहून घ्यावे. दुसऱ्या पानापासून पाऊस लिहायचा आहे.