दवाखान्याला फोन करताना : विहाराच्या फलकावर लिहून ठेवा

आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः, आनंदाला सोबत घेऊन केली, हा विनयपिटकातला प्रसंग आपण विहारात ऐकतो. आज नरडाण्यासारख्या गावात ही शुश्रूषा बऱ्याचदा एका फोनपासून सुरू होते. तो फोन नीट झाला नाही तर मजुरी बुडवून केलेली धुळ्याची फेरी फुकट जाते, नाहीतर हातातली वेळ निघून जाते. म्हणून वस्तीतल्या तरुणांनी पुढील गोष्टी शिकून घ्याव्यात.

तातडीची वेळ : छातीत कळ, श्वास लागणे, सर्पदंश, झटके, गरोदरपणात रक्तस्राव असेल तर दवाखान्याच्या फोनची वाट पाहू नका. थेट १०८ लावा. २०१४ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे. फोन घेणारा माणूस पुण्याच्या नियंत्रण कक्षात असतो. त्याला 'स्टेशनजवळ' एवढे सांगून कळत नाही. 'नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे' असे पूर्ण सांगा, मग जवळची खूण सांगा. त्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका.

साधी चौकशी : फोनपूर्वी कागदावर लिहा : रुग्णाचे नाव, वय, त्रास कधीपासून, चालू गोळ्या, केसपेपर क्रमांक. डॉक्टर कोणत्या दिवशी आहेत, उपाशीपोटी यायचे का, कोणती कागदपत्रे आणायची, हे विचारा. बोलणाऱ्याचे नाव विचारून घ्या.

औषधाचा सल्ला : मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर सल्ला देऊ शकतात. मात्र गोळी बदलायची की नाही, हे फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारू नका. डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनाच परत वाचून दाखवा.

इतर क्रमांक : मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या चौकशीसाठी १५५३८८. कोणालाही ओटीपी देऊ नका.

आता मुद्द्याची गोष्ट. घरी अहिराणी बोलणारी आपली आई फोनवर अडखळते, पलीकडून आवाज चढतो आणि ती गप्प होते. पुढच्या वेळी ती फोनच करत नाही, दुखणे अंगावर काढते. तिच्या वतीने सगळे आपणच बोलून टाकू नये. फोन स्पीकरवर ठेवावा, तिला तिच्या भाषेत सांगू द्यावे आणि अडेल तिथे मराठीत मांडावे. त्रास तिचा आहे, तो तिच्याच तोंडून आला पाहिजे. अपमानास्पद वागणूक मिळाली तर दिवस, वेळ आणि नाव लिहून वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. सन्मानाने उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, ते कोणाचे उपकार नव्हेत.

येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. हे क्रमांक आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक फलकावर लिहा. फोन करून देणाऱ्या दोन तरुण-तरुणींची नावेही खाली लिहा.

जय भीम!