बांध नसलेले गाव

शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून पिढ्यान् पिढ्या चालणारी भांडणे आपल्याला नवी नाहीत. मग ज्या शिवारात मुळी बांधच नाहीत, तेथे काय होत असेल? इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन हे असेच एक खेडे आहे.

गाव तसे साधेच. एक जुने चर्च, उत्तरेला नॉर्मन काळातील किल्ल्याची मातीची टेकडी, आणि रस्त्याच्या दुतर्फा शेतकऱ्यांची घरे. गावाभोवती तीन मोठी शेते: पश्चिमेचे, दक्षिणेचे आणि गिरणीचे. प्रत्येकात अनेकांच्या लांबट पट्ट्या आहेत. मध्ये कुंपण नाही. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसऱ्याला विसावा किंवा चारा. दरवर्षी पाळी फिरते. बरी-वाईट जमीन सर्वांच्याच वाट्याला येते. पण मनास येईल ते पेरण्याची मुभा कोणालाच नाही.

एके काळी मध्य इंग्लंडात अशी गावे सर्रास होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून त्या जमिनी कुंपणात घातल्या. शेती सुधारली खरी. पण गायरानावर एखादी गाय चारून गुजराण करणारा गरीब उघडा पडला. लॅक्स्टन तेवढे वाचले. दोन बड्या जमीनदारांचे आपसांत जमेना, हे त्याचे एक कारण सांगतात!

हिवाळ्याच्या तोंडाशी गव्हाची पेरणी झाली, की गावचे पंच शेतावर फेरी घालतात. सामाईक गवतात किंवा वाटेत कोणी नांगर घातला असेल, तर खुंट्या ठोकून हद्द दाखवतात. पुढे आठवड्याभराने डव्हकोट नावाच्या गावातल्या खाणावळीत न्यायसभा भरते आणि दंड ठरतो. दंड किरकोळ असतो. पण चार शेजाऱ्यांदेखत नाव निघते, त्याची बोच मोठी. १९७७ सालच्या कायद्याने अशा जुन्या सभांचे न्यायाधिकार संपवले. लॅक्स्टनच्या सभेचे मात्र राहू दिले.

१९५२ साली हे गाव सरकारने विकत घेतले, १९८१ साली ते राजसंपदेकडे गेले, आणि २०२० साली मूळ मालकांच्या थोरस्बी इस्टेटीकडे परतले. मालक बदलले, तरी पंचांची फेरी चुकली नाही. आता प्रश्न मालकाचा नाही. ट्रॅक्टरच्या युगात या पट्ट्या कसायला गावची पुढली पिढी थांबेल का, हा आहे. पंच काही बाहेरून आणता येत नाहीत.