पेंग्विनला वायर कोणाची?

जोगेश्वरी पूर्वेला भाड्याच्या वन-बीएचकेत शिफ्ट झालो, त्याच रविवारी नेटवाला आला. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू. त्याने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, विंडोज नाही? मग आमचं नाही चालणार." आणि गेला की! सोमवारी सकाळी दहाला माझा क्लायंट कॉल.

तसं त्याचं अगदीच चूक नव्हतं. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, त्या काळात अनेक केबलवाल्यांचा लॉगिन डायलर विंडोजपुरताच असायचा. लिनक्सवाले टर्मिनलमध्ये पीपीपीओईशी झटापट करत बसायचे. आता युझरनेम-पासवर्ड राउटर सांभाळतो, लॅपटॉपला नुसतं वायफाय दिसतं. तेव्हा मंडळी, 'लिनक्स चालेल का?' हे विचारूच नका, समोरचा गोंधळतो. 'लॉगिन राउटरमध्ये टाकून द्याल ना?' एवढंच विचारा. बाहेरून घरच्या मशीनवर एसएसएच करायचं असेल, तर पब्लिक आयपीचंही विचारा. त्याचे बरेचदा वेगळे पैसे पडतात.

खरा घोळ भाडेकरू असण्याचा. ॲग्रिमेंट ११ महिन्यांचं आणि स्वस्तातला प्लॅन १२ महिन्यांचा! भिंतीला ड्रिल मारायचं तर घरमालकाला फोन, डक्टमधून वायर आणायची तर सेक्रेटरीकाका.

शेवटी शेजारच्या काकूंना विचारलं, "पावसाळ्यात कोणाचं नेट टिकतं हो?" त्यांनी सांगितलं तेच घेतलं, तीन महिन्यांपुरतं. त्याची वायर पॅसेजपर्यंत आलेलीच होती.

सोमवारचा कॉल मात्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, किचनच्या खिडकीत उभं राहून केला.