मार्था एडलिनची पेटी

जरीचें काम म्हटलें कीं शालूचा पदर आणि पैठणीचा कांठ आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु सोन्यारुप्याच्या तारेची हौस पुष्कळदां लहानसहान वस्तूंवरच फेडलेली आढळते: बटवा, टांचण्यांची उशी, दागिन्यांची डबी. सतराव्या शतकांतील इंग्लंडांत सुखवस्तु घरच्या मुलींच्या शिक्षणाचा बराच भाग अशा वस्तूंनींच व्यापिला होता.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें रेशीम व जर यांनीं सजविलेली अशी एक पेटी आहे. मार्था एडलिन ही तिची कर्ती. तिचा जन्म १६६० सालचा. १६६८ सालीं तिनें रंगीत रेशमाचा नमुनापट भरला. पुढील वर्षीं पांढऱ्या दोऱ्याचा. आणि १६७१ मध्यें, म्हणजे अवघ्या अकराव्या वर्षीं, सद्गुणांच्या स्त्रीमूर्ति भरलेली ही पेटी! १६७३ मध्यें मण्यांची दागिन्यांची डबी झाली. हा चढता अभ्यासक्रम पाहिला म्हणजे यास केवळ करमणूक म्हणणें मला तरी अन्यायाचें वाटतें.

तारेच्या कामांतील मुख्य अडचण अशी कीं, ती कापडांतून वारंवार आरपार ओढतां येत नाहीं. सोन्याचा मुलामा दिलेली रुप्याची तार चपटी करून रेशमाच्या धाग्याभोंवतीं गुंडाळीत. आपण जिला कलाबतू म्हणतों तीच ही. ती पुन्हां पुन्हां कापडांतून गेली तर वरचें वेष्टन उकलतें व आंतलें रेशीम उघडें पडतें. म्हणून ती कापडावर नुसती मांडावयाची आणि बारीक रेशमी टांक्यांनीं जागच्या जागीं बांधावयाची. दुसरा प्रकार मळसूत्रासारख्या वळविलेल्या तारेचा, म्हणजे आपल्या सलम्याचा. त्याचे लहान तुकडे कापून मण्यांप्रमाणें ओंवीत. एकदां मुरडलेली तार पूर्ववत् होत नाहीं. तेव्हां लहान बोटांना केवढा संयम लागत असेल! भरलेले कापड मग कारागिराकडे जाई व तो तें लांकडी पेटीवर बसवी.

अशा वस्तु थोड्या उरल्या, याचें एक कारण हवा. गंधकाच्या अंशानें रुपें काळवंडतें. दुसरें कारण लोभ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समधील प्रतिष्ठित स्त्रिया दिवाणखान्यांत गप्पा मारतां मारतां जुन्या झालरी व गोंडे उसवीत आणि त्यांतील सोनेंरुपें विकीत. मादाम द जांलीस या लेखिकेनें १७८२ सालच्या आपल्या कादंबरींत या चालीवर कोरडे ओढले. ज्या घरांनीं आजीचे शालू रुप्याच्या भावानें जरीवाल्यास देऊन टाकिले, त्यांनीं मात्र या बायकांस फार हंसूं नये.

मार्थेची पेटी या तडाख्यांतून वांचली. मार्थेनें १७२५ सालीं मृत्युपत्र केलें, तेव्हां ती लेकी-नातींची सधन विधवा होती. तिचे नमुनापट, पेटी व डबी घराण्यांतील एका स्त्रीकडून दुसरीकडे जात ३०० हून अधिक वर्षें एकत्र राहिलीं, आणि मगच संग्रहालयांत आलीं.